नॉर्मल म्हणून दिलेलं रक्त

९ जानेवारी
इंग्लिशमधून लिहायला बसलं की प्रॅक्टिकलचं जर्नल वाटतं. म्हणून मराठी. शुद्धलेखन कोण तपासणारे.

आज सुमैय्या बाजीनं (बाजी म्हणजे उर्दूत मोठी बहीण; पीएचडी करतेय, लॅबची खरी मालकीण तीच) आम्हा एम.एस्सी.च्या सगळ्या पोरींना विचारलं, कंट्रोल लागतेत, तुलनेला, नॉर्मल, धडधाकट, कोण ब्लड देतंय? सगळ्या खाली बघायला लागल्या. मी बाही वर केली. तिचं काम खेड्यातल्या गरोदर बायकांवर आहे. गोळ्या खाऊन पण काहींचं हिमोग्लोबिन वाढत का नाही, ते. म्हणजे कुणाच्या तरी थिसिसमधे मी एक ठिपका असणार. लई भारी वाटलं.

फॅमिली ग्रुपवर माझा रोजचा 'आजचा शोध': ऑक्टोपसला तीन हृदयं. पप्पांचा रिप्लाय, "आमच्या वाळूजच्या कंपनीतल्या सायबाला एकबी नाय." पिशोरहून, सासरहून, ताईचा व्हॉइस मेसेज, आत्या म्हणतात उद्याचा जरा लवकर पाठव, भाकरी थापताना ऐकायला बरं पडतं.

१२ जाने.
तीन पेपर उघडले, एकपण पूर्ण नाही. पोटातले बॅक्टेरिया. वटवाघळं एवढे व्हायरस पोसून आजारी का पडत नाहीत. झोपेत मेंदू स्वतःला धुतो का (यावर शास्त्रज्ञांची भांडणं चालूयेत, मस्त). मला सगळंच करायचंय. गाइड मॅडम म्हणतात एक विषय धर. कसा धरू.

ग्रुपवर वटवाघूळ टाकलं. आई म्हणे सकाळी सकाळी असलं टाकू नको.

१५ जाने.
संक्रांत झाली, तिळगूळ झाले, आणि आज ही बातमी.

बाजीनं बाजूला घेतलं. "तेरा ए-टू ज्यादा आया. तेरे कू मालूम था क्या?" मशीनच्या ग्राफवर जिथं या ए-टू हिमोग्लोबिनचा छोटासा उंचवटा असतो तिथं माझं चांगलं टेकाड. थॅलेसेमिया मायनर. म्हणजे मी कॅरिअर. एक जीन बरी, एक बिघडलेली. मॅडमनी ग्राफ बघितला, म्हणाल्या आउटलायर आहे, कंट्रोलमधून काढ. नॉर्मलमधून नाव कटलं माझं.

मला हसू आलं. शाळेपासून 'रक्त कमी, रक्त कमी'. बीट, गूळ-शेंगदाणे, लाल गोळ्या. आईनं किती बीट चारलं मला, आणि दोष बीटचा नव्हताच. सगळं एकदम जुळलं. असं पहिल्यांदाच झालं की शोध माझ्याच आत निघाला.

ग्रुपवर टाकलं. 'आजचा शोध: मी स्वतः! थॅलेसेमिया मायनर, घाबरू नका, आजार नाही, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. मी म्युटंट.' पप्पांचा अंगठा. आईचा फोन, डॉक्टरकडं जायचं का.

१६ जाने.
आत्याचा काही मेसेज नाही. ताईला फोन केला. ती म्हणाली, तुझा मेसेज वाचून दाखवला तर आत्या पीठ तसंच परातीत टाकून गोठ्यात गेल्या. जेवल्या पण नाहीत. "तुझ्या त्या आजाराच्या नावात काय होतं एवढं?"

मला पण कळेना. मलेरियाला घाबरली असेल म्हटलं.

दुपारी लेक्चरला बसले होते आणि एकदम आठवलं. ताईला तिसरा महिना संपत आलाय.

ताईचं पण 'रक्त कमी' आहे. ती पण कॅरिअर असली तर? असू दे, एकटी असली तर बाळाला काही होत नाही. फार तर माझ्यासारखं होईल. पण दाजी पण असले तर. आणि दाजी म्हणजे कोण, आत्याचाच पोरगा. लग्नाला दोन वर्षं होत आली तरी माझ्या तोंडात अजून संदीपदादाच येतं. मामाची पोरगी केली म्हणून गावात सगळे खूश होते. घरातल्या घरात, ओळखीचं, पोरगी सुखात राहील.

वहीच्या मागच्या पानावर पेडिग्री काढली, घरातल्यांची वंशावळ. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. नात्यातल्या लग्नाला दोन रेघा काढतात. बी.एस्सी.ला मी त्या दोन रेघा पट्टी लावून लाल पेननं काढायचे. आज ताई आणि दाजींच्या मधे काढल्या.

माझं आईकडून आलं असेल तर वाचलो. पप्पांकडून असेल तर आत्या पप्पांची सख्खी बहीण.

आईकडून असू दे. आईकडून असू दे.

१७
बाजीला सांगितलं. म्हणाली, रिसर्च की मशीन है, इलाज की नहीं, घरवालों का बाहर से करा. आणि ग्रुपवर काय टाकलंस ते काढ. काढलं. पण वाचून झालंय सगळ्यांचं.

१८ जाने.
निराला बाजारच्या पॅथॉलॉजीत आई-पप्पांचं ब्लड दिलं. घरी मी सांगितलं कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. पप्पा सेकंड शिफ्टला जाता जाता, युनिफॉर्मवरच. सुई बघून मान वळवली त्यांनी. ब्लड घेणाऱ्या पोरीला म्हणाले, "बाई, हळू, माझी पोरगीबी हेच शिकायलीय." किती अभिमानानं.

२१ जाने.
आई नॉर्मल.
पप्पा माझ्यासारखेच.

पप्पा खूश झाले. "बघ, म्हटलो होतो ना, पोरगी माझ्यावर गेली." मग मी सगळं सांगितलं. दोन बिघडलेल्या जीन एका बाळात आल्या तर काय होतं ते. सहा-सात महिन्यांचं झालं की पांढरं पडायला लागतं, दूध पीत नाही, पोट फुगतं, दर महिन्याला रक्त द्यावं लागतं. लेक्चर दिल्यासारखं बोलत होते, कारण थांबले असते तर रडले असते.

पप्पांचा चेहरा उतरत गेला. चहा तसाच. मग म्हणाले, "आक्काची पहिली तशीच होती."

कोण पहिली? आत्याला दाजी पहिले ना?

नाही. दाजींच्या आधी एक पोरगी होती. मीना. पांढरीफटक, पोट मोठं. दृष्ट लागली म्हणायचे. पप्पा तेव्हा कॉलेजला. गावाकडून तिला इथं सरकारी दवाखान्यात आणायचे. दोनदा पप्पांनीच रक्त दिलं. दोन वर्षांची व्हायच्या आत गेली. आत्यानं नंतर तिचं नाव घेतलं नाही, तर कुणीच घेतलं नाही. आईला पण एवढंच माहीत की एक 'झाली होती'.

मला ताई आहे, मावसबहिणी आहेत, सगळ्यांचे वाढदिवस पाठ आहेत. आणि एक आतेबहीण होती हे आज कळलं.

२२
आजारी मुलाचं सख्खं भावंड, स्वतः ठणठणीत. ते कॅरिअर असण्याची शक्यता किती? तीनात दोन. हा प्रश्न आला होता परीक्षेत. पूर्ण मार्क मिळाले होते.

तीनात दोन.

आता कळलं आत्या गोठ्यात का गेली. दवाखान्यात तिनं ते नाव ऐकलेलं असणार. इतकी वर्षं गेली आणि ते नाव परत घरात आलं, माझ्या मेसेजमधून, मलेरियाचा विनोद लावून.

२४ जाने.
ताई चेकअपच्या नावानं आली, तिचं पण ब्लड दिलं. तिला सगळं सांगितलं, फक्त मीनाचं नाही. पप्पा म्हणाले ते आक्कानं सांगावं.

ताई ऐकत होती, मधेच म्हणाली, "तुझं ते ऑक्टोपसचंच बरं होतं." हसली पण. मग माझ्या हातातला मोबाइल काढून उलटा ठेवला.

२७ जाने.
ताई कॅरिअर. धरून चालले होते तरी रिपोर्ट तीनदा वाचला.

ताईच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, नवऱ्याचं लगेच करा. त्यांच्यात नसेल तर विषय संपला. असेल तर पोटातलं, बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून बाळाचं तपासता येतं, चारात एक बाळ आजारी निघू शकतं, पण हे सगळं वेळेत व्हायला पाहिजे. 'वेळेत' हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला.

संध्याकाळी ताईचा पिशोरहून फोन. दाजी तयार होते, आत्या आडवी आली. माझ्या पोराला सुई लावायची नाय, शहरातल्या पोरींनी काढलेली खुळं. दाजींचं आईपुढं कधी चालत नाही.

इकडं आईचं वेगळंच. मला किचनमधे घेऊन, "कुणाला बोलू नको. तुझं व्हायचंय अजून." मी म्हटलं आई, मी लग्नाआधी त्याचं ब्लड तपासणारे, पत्रिका नाही. तिला हे फार लागलं. रडली. मला वाटलं मी घरभर काहीतरी सांडत चाललेय.

२९
काही वाचवत नाही. पेपर उघडला की त्यातल्या प्रत्येक 'केस'च्या मागं कुणाचंतरी घर दिसतं. आधी दिसायचं नाही. ग्रुपवर काही टाकत नाही, कुणी विचारत पण नाही.

बाजीनं डबा दिला. म्हणाली, "डर मत बोलूं क्या? नक्को, डर. पन काम रुकना नई." दाजींना आणायची जबाबदारी माझी म्हणे.

१ फेब्रुवारी, पिशोर
पप्पांनी सुट्टी टाकली. बसनं आलो. आत्या अंगणात अद्रक धूत होती. भरपूर, ढीगभर. आम्हाला बघून उठली नाही. पप्पा तिच्यासमोर उकिडवे बसले आणि ते पण अद्रक चोळायला लागले. बराच वेळ दोघं माती काढत बसले. मी उंबऱ्यात. ताई आत भाजीला फोडणी देत होती.

मग पप्पा एकच वाक्य बोलले. "आक्का, मीनाला रक्त मी दिलं होतं. तेच माझ्यातबी हाय."

आत्याचे हात थांबले. तिनं वर बघितलं नाही. म्हणाली, डॉक्टरनं नाव सांगितलं होतं, पुढं काही सांगितलं नाही. रक्ताचा आजार, एवढंच. पोराला आहे का, भावाला आहे का, कोण बोललं. "मला वाटलं माझ्याच पोटचं होतं ते. तिच्यासंगंच गेलं."

फोडणीचा आवाज बंद झाला होता. ताई दारात उभी. मीनाचं तिनं असं ऐकलं.

आत्यानं तिच्याकडं बघितलं आणि पदर तोंडाला लावला. म्हणाली, मीच मागून आणली हिला. माझ्या भावाची लेक म्हणून हट्टानं आणली.

कुणी कुणाला जवळ घेतलं नाही. ताई येऊन खाली बसली आणि अद्रक धुवायला लागली. मी पण. पाणी गार होतं.

निघताना आत्या मला म्हणाली, संदीपला घेऊन जा. मग म्हणाली, "आन तू ते शोधाचं पाठवायचं बंद का केलं?"

३ फेब्रु.
दाजी मोटारसायकलवर आले, एकटे. ब्लड दिलं. त्या पोरीनं पट्टी लावली तर म्हणाले नको, मक्याच्या पात्यानं याच्याहून जास्त कापतं. बाहेर उसाचा रस पाजला मला. ग्लास संपवून खाली ठेवला. मग, "तेजू, खरं सांग. तुला काय वाटतं?"

तीनात दोन मला माहीत होतं. मी म्हणाले, रिपोर्ट येऊ दे.

त्यांनी मान हलवली. माझ्याकडं बघत राहिले. मला वाटतं त्यांना कळलं.

४
झोपेत सारखा ग्राफ दिसतो. कधी छोटा उंचवटा, कधी टेकाड.

समजा निघालं. मग पाण्याची टेस्ट. समजा त्यात पण निघालं. मग ताई काय ठरवेल? हा प्रश्न मी तिला विचारलेला नाही, तिनं मला विचारलेला नाही. काल फोनवर दोघी बाळाच्या स्वेटरच्या रंगावर बोलत होतो.

५ फेब्रु.
पॅथॉलॉजीच्या बाहेर बाकावर बसून लिहितेय. रिपोर्ट प्रिंट व्हायचाय, जरा बसा म्हणाले. दाजी शेजारी. पिशोरहून सकाळीच निघालेत, दाढी केलीय, इस्त्रीचा शर्ट. म्हणाले, "निघालं तर ग्रुपवर टाकू नको." दोघं हसलो. मग दोघं थांबलो.

आत्ता ताईचा फोन आलाय. रिपोर्टचं विचारलंच नाही. आवाज बारीक करून म्हणाली, "तेजू, आत्ता हललं का काय गं. मासोळीसारखं. इतक्या लवकर कळतं का?"

पहिलटकरणीला इतक्या लवकर सहसा कळत नाही. गॅस असतो बहुतेक वेळा. मला माहीत आहे, वाचलंय.

"कळत असंल," मी म्हणाले.

"त्यांना दे," ताई म्हणाली.

दाजींनी फोन घेतला. ऐकता ऐकता भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. नुसतं हं, हं करतायत. काउंटरवरून त्यांचं नाव पुकारलं. त्यांना ऐकू आलं नाही, का आलं. परत पुकारलं.

मीच उठते.