बारवेचं दार

आणे, ता. ६ एप्रिल २००३

सौ. यशोधरा वन्संस जानकाबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सगळं ठीक, पठारावर पाणी तेवढं नाही. तुमचे दादा गेल्यापासून त्यांची पुस्तकं बोट फिरवत मोठ्यानं वाचते. घरात कोणी बोलल्यासारखं वाटतं.

बातमी अशी, की आपल्या जुन्या बारवेचं नशीब उघडलं. पुण्याची एक संस्था तिला वारसा म्हणून जतन करणार, अगदी पूर्वी होती तशी. श्रमदान ठरलं. वरच्या आळीनं नारळ फोडला, आपल्या वस्तीनं गाळ काढला. पाणी लागलं आणि संस्थेच्या बाईंनी लोखंडी दार बसवून कुलूप घातलं. हंड्यांनी पायऱ्या झिजतात म्हणे. आता गावानं पाणी नुसतं बघायचं. बघून तहान कशी भागते, ते शहरात शिकवत असतील.

वीस तारखेला उद्घाटन आहे. मला चार शब्द बोलायला सांगितलंय, कारण फोटोत म्हातारी शोभते. काय बोलू, कळवा.

लोभ आहेच, तो या उन्हात आटू देऊ नका.
तुमची वहिनी, जानकाबाई

महाळुंगे पडवळ, ता. ११ एप्रिल २००३

ति. वहिनीस यशोधरेचा जयभीम.

पत्र वाचून लई हसले. हे म्हणाले, हसतेस काय, रडायची गोष्ट आहे ती.

बारव पूर्वी होती तशी ठेवायचा शब्द बाईंनी पाळला की हो! आई सांगायची, गाळ काढायला आपली माणसं बारवेत उतरायची, पण पाणी लागलं की तीच पायरीवर रिकामा हंडा घेऊन उभी, वरच्या आळीचं कोणी ओतेल म्हणून. पुढे दादानं स्वतः हंडा बुडवला, तेव्हा गाव महिनाभर त्याच्याशी बोललं नाही. हेच बोला. पण तुम्ही कसल्या बोलताय! माझ्या लग्नात माईक बघून तुमची जीभ टाळूला चिकटली होती.

रागावू नका, रागावलात तरी पत्र टाका.
तुमची यशोधरा

आणे, ता. २२ एप्रिल २००३

सौ. यशोधरा वन्संस जयभीम.

बोलले. म्हटलं, बारव पूर्वीसारखी ठेवली, बाईंचे आभार. माझी सासू इथेच रिकामा हंडा घेऊन तिष्ठायची, आज सून तिष्ठते आहे. फरक इतकाच, की आज शेजारी वरच्या आळीच्या कुशाबाईही रिकाम्या हंड्यानं उभ्या आहेत. वारसा सगळ्यांना सारखा वाटला, हा मोठाच न्याय.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना ती स्तुती वाटली. कुशाबाईंनी मात्र वाजवल्या नाहीत. त्यांनी दाराला हात घातला आणि माझ्यावरच खेकसल्या, की बघतीस काय जानके, धर तिकडनं. आम्ही बायांनी दार बिजागऱ्यांवरून उचलून बांधावर टेकवलं. संस्थेच्या बाई फोटोवाल्याला थांब थांब म्हणू लागल्या. लोकसहभाग इतका अंगावर येईल, असं त्यांना कोणी सांगितलं नसावं.

खाली उतरल्यावर कुशाबाई म्हणाल्या, आण तुझा हंडा, मी भरून देते. मायेनं म्हणाल्या, खोटं कशाला सांगू. पण वन्सं, दुसऱ्यानं ओतलेलं पाणी आपल्या घरानं पुष्कळ प्यायलं. मी त्यांना जरा सरकायला सांगितलं आणि माझा मी भरला.

जीव आहे तसाच असू द्या.
तुमची वहिनी, जानकाबाई