कोंडाबाईंची खडी

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज कोंडाबाईंशी खोटं बोललो. उगाचच.

मंगळवेढ्याकडच्या नव्या रस्त्याचं काम बघत उभा होतो. शेजारच्या रानातल्या कोंडाबाई आल्या. उकरलेल्या जुन्या रस्त्याकडे आपला वाकडा अंगठा दाखवत म्हणाल्या, "सायेब, हितली खडी कुटं न्हेली?"

"पडीक खाणीत टाकली."

"दुष्काळी कामावर आमीच फोडलेली ती. पोरगी हुते मी. ह्यो अंगठा तवाच चेचला." मग हळूच, "वाईट निघाली व्हय?"

वाईट कुठली! चाळून घेतली असती तर नव्या रस्त्याच्या खालच्या थरात सगळी बसली असती. नमुना तपासून यायला आठवडा लागला असता, एवढंच. मी कंटाळा केला. 'निरुपयोगी' असं लिहून सही ठोकली आणि नव्या खडीसाठी पलीकडची टेकडी फोडायला लावली. अर्धी संपलीसुद्धा.

हे सांगायचं सोडून मी काय म्हणालो? "हो, जरा कच्ची होती."

त्या कितीतरी वेळ तो अंगठा चोळत राहिल्या.

"आसंल की," म्हणाल्या. "पोटात काय नसायचं तवा. घाव नीट बसत नव्हता."