एकाहत्तर सेंटिमीटर आणि किनाऱ्याचे फाटक

मी, फिन्टन गार्वी, कै. टेरेन्स गार्वी यांचा मुलगा, वय एकोणपन्नास, धंदा मेंढ्या व थोडी शेती, राहणार डूनकिल, मेयो परगणा, आयर्लंड, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट नाही, पण कायदा पोटाबद्दल विचारत नाही. मला कोणी भीड घातलेली नाही, धाक दाखवलेला नाही, आणि सकाळपासून चहाखेरीज काही घेतलेले नाही. गॉलवेच्या डॉक्टरांनी ईस्टरचा सण दिसेल असे सांगितले आहे. त्यापुढचे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. माझे शिक्षण गावच्या दोन खोल्यांच्या शाळेत झाले. वेस्टपोर्टच्या वकीलबाईंनी मसुदा पाहून ‘यातले निम्मे काढा’ असे सुचवले. मी काढलेले नाही.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, माझी पत्नी नोरीन हिच्या नावे. ती सहा वर्षांपूर्वी वारली. ते मृत्युपत्र रद्द समजावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी डर्व्ला आणि सदर वकीलबाई यांनी करावी.

कलम २. राहते घर, त्यातले सामान, घरामागची दोन शेते आणि बँकेत जे असेल ते डर्व्लाला. घर विकावेसे वाटले तर विकावे. मला वाईट वाटेल म्हणून ओल आलेल्या घराला कवटाळून बसू नये. फक्त चुलीवरच्या कोनाड्यातली मारियामातेची मूर्ती घेणाऱ्याला देऊ नये. ती तिच्या आईची आहे आणि तिचा डावा हात मी मोडला आहे, मूर्तीचा.

कलम ३. एकतीस मेंढ्या बाजारात विकाव्यात. कुत्रा फादर क्यूसॅक यांना द्यायचा होता, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. कुत्र्याने कोणाकडे जायचे ते तोच ठरवील. त्याने ठरवले आहे असे दिसते.

कलम ४. मासे गरवण्याचे सामान: दोन लांब काठ्या, तीन रीळ, तिवई, शिशाच्या वजनांची पेटी, गुडघ्यापर्यंतचे बूट आणि मापाची फळी. काठ्या व रीळ डर्व्लाला. ती गरवत नाही, पण लहानपणी माझ्याबरोबर ओहोटीला वाळूतले किडे खणायला यायची आणि प्रत्येक किड्याला नाव ठेवायची. मापाची फळी मात्र मी डूनकिल सागरी गळ क्लबला देत आहे. का, ते लिहावे लागेल, कारण त्या फळीवर एकाहत्तरच्या रेघेशी पेन्सिलीची खूण आहे आणि कोणीतरी ती पुसायला जाईल.

आमच्या क्लबची किनाऱ्यावरची स्पर्धा सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी असते. चिठ्ठ्या काढून प्रत्येकाला वाळूतली एक खुंटी मिळते, तिथून हलायचे नाही. भरतीच्या आधी दोन तास, नंतर दोन तास. सर्वात लांब मासा ज्याचा, कप त्याचा. मासा मारायचा नाही. फळीवर ठेवायचा, तोंड मिटलेले, शेपटी चिमटीत मिटलेली, आणि शेजारच्या खुंटीवरच्या माणसाने येऊन माप पाहून कार्डावर सही केली की पाण्यात सोडायचा. ती सही नसेल तर मासा नाही. दुसरा पुरावा आम्ही ठेवत नाही. शेजाऱ्याचा शब्द पुरतो, असे माझे वडील म्हणत. क्लब त्यांनीच काढला.

२००७ साली मला एकोणिसावी खुंटी आली आणि विसावी मॅलकी डर्कनला. मॅलकी म्हणजे नोरीनचा थोरला भाऊ, माझा मेव्हणा, आणि बांधाला बांध लागून असलेला शेजारी. वारा पश्चिमेचा, लाटा उंच. तीनच्या सुमारास मला बास जातीची मासळी लागली. वीस मिनिटे लागली तिला काढायला. असा मासा मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गळ घशात खोल गेला होता. मी एका हाताने तिला फळीवर धरली, दुसऱ्याने गळ सोडवला, माप पाहिले: एकाहत्तर. मॅलकीला हाक मारली. त्याच्या काठीलाही ओढ होती. तो “आलो, आलो!” म्हणत निघाला. बादलीत ठेवली तर ती पालथी व्हायला लागली. कल्ल्यांची उघडझाप थांबत आली होती. मी उभ्या जन्मात एवढी एकच चूक केली, आणि परत तीच करीन. मी थांबलो नाही. लाटेत उतरून तिला दोन्ही हातांनी धरून ठेवली, ती सावरली आणि गेली.

वळलो तर मॅलकी माझ्या मागे पाण्यात उभा.

“केवढी होती रे?”

“एकाहत्तर.”

“धरून ठेवायची होतीस.”

“मेली असती, मॅलकी.”

“मग सही कशावर करू?”

“तू पाहिलीस ना?”

“पाहिली,” तो म्हणाला. “बघू. हॉलमध्ये बोलू.”

संध्याकाळी हॉलमध्ये सूप, ब्रेड आणि साठ माणसे. मॅलकीचा मासा त्रेसष्ट, त्यावर माझी सही. माझे कार्ड सहीविना. सचिव जेरार्ड टूहीने सगळ्यांसमोर विचारले, “मॅलकी, तू शेजारी होतास. मासा पाहिलास का?” मॅलकीने सुपाकडे पाहत सांगितले, “माझी पाठ होती. मी काही पाहिलं नाही.”

कप त्याला मिळाला. त्याचे नाव फलकावर आहे. मला खोटी नोंद केल्याबद्दल दोन वर्षे बंदी झाली. दोन वर्षे कधीच संपली, पण मी परत काठी हातात धरली नाही.

कलम ५. जेरार्ड टूही याला माझे प्रार्थनेचे पुस्तक. त्या संध्याकाळी तो खुर्चीवर चढून म्हणाला होता, “मंडळी, फिन्टनचा मासा पवित्र आत्म्यासारखा आहे. दिसत नाही, नुसता विश्वास ठेवायचा!” लोक इतके हसले की सूप सांडले. तेव्हापासून गावात माझे नाव ‘एकाहत्तर’. दुकानात, मेंढ्यांच्या बाजारात, मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर. “काय एकाहत्तर, पाऊस येईल का?” डर्व्ला आठ वर्षांची होती. शाळेतून येऊन तिने आईला विचारले, “बाबा खोटं बोलतात का गं?” नोरीनने तिला उत्तर दिले आणि त्या दिवसापासून सख्ख्या भावाच्या उंबऱ्याला पाय लावला नाही. मी तिला तसे करायला सांगितले नव्हते. नको असेही सांगितले नाही, हे देवाला माहीत आहे. जेरार्ड, पुस्तकात पवित्र आत्म्याच्या प्रार्थनेच्या पानाला मी खूण घातली आहे.

कलम ६. माझी शवपेटी खांद्यावरून न्यावी, गाडीतून नको. परंतु मॅलकी डर्कन याचा खांदा तिला लागू नये. नोरीनच्या वेळी लागला होता. आमच्याकडे एका उंचीची दोन माणसे समोरासमोर घेतात आणि ती एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालतात, म्हणजे पेटी डुलत नाही. आमची उंची एक. चर्चपासून दफनभूमीपर्यंत त्याचा हात माझ्या खांद्यावर होता आणि माझा त्याच्या. त्याच्या कोटाला ओल्या लोकरीचा वास येत होता. दोघांच्या मध्ये त्याची बहीण. तेव्हाही तो एक शब्द बोलला नाही. तसे चालणे मला परत नको.

[हे कलम खोडले आहे. कलम ९ पाहावे. आद्याक्षरे: फि. गा., मॅ. ड., फा. क्यू.]

कलम ७. रस्ता आणि किनारा यांच्या मधले शेत. क्लबच्या गाड्या तिथेच उभ्या राहतात आणि वाळूवर उतरायची वाट तिथूनच आहे. दोन्ही बाजूंना कडे आहेत, दुसरी वाट नाही. हे वडिलांनी तोंडी शब्दावर चालू दिले आणि मीही दिले. त्या स्पर्धेनंतर सतरा वर्षे दर सप्टेंबरला मी स्वतः जाऊन फाटक उघडले. लोक गाडीची काच खाली करून “काय एकाहत्तर!” म्हणत आत गेले. फाटक लावले असते तर म्हणाले असते, बघा, खोटा होता म्हणून चिडला. उघडे ठेवले तर म्हणाले, बघा, खोटा होता म्हणून गप्प आहे.

हे शेत डर्व्लाला देत आहे, या अटीवर: माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या स्पर्धेच्या संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये, नावांच्या फलकासमोर उभे राहून मॅलकी डर्कनने मोठ्याने सांगावे की २००७ साली फिन्टन गार्वीचा मासा त्याने पाहिला होता. तो बोलला, तर फाटक क्लबला कायम उघडे. नाही बोलला, तर दुसऱ्या सकाळी डर्व्लाने फाटकाला कुलूप घालून शेतात गवत वाढू द्यावे.

फादर क्यूसॅक यांना हे कलम मी आधी वाचून दाखवले. ते म्हणाले, “अरे फिन्टन, हे मृत्युपत्र आहे की गळ?”

“गळच आहे, फादर. पण आमिष म्हणून मी काही खोटं लावलेलं नाही.”

“आणि क्षमा?”

“क्षमा मी दर रविवारी करतो. सोमवारी ती पुरत नाही.”

खरे सांगायचे तर मी मॅलकीसाठी देवापाशी एक जागा शिल्लक ठेवली होती. मनाला सांगत आलो की त्याने मासा पाहिला असेल, पण फळीवरचे माप पाहिले नसेल. नियमाने सही मापावर असते. म्हणजे सही न देण्यात तो निम्मा तरी बरोबर होता, आणि निम्म्यावर मी त्याला सोडून देऊ शकत होतो. ही निम्मी बाजू मी सतरा वर्षे सांभाळली.

कलम ८. मॅलकी डर्कनला काही नाही. तो साक्षीदार आहे म्हणून कायद्याने देता येत नाही, आणि देता येऊ नये म्हणून मी त्याला साक्षीदार केले आहे. दोन्ही खरे.

कलम ९. हे शेवटचे कलम मी आज, सहीच्या दिवशी, मॅलकी आणि फादर क्यूसॅक समोर बसलेले असताना लिहीत आहे. मॅलकी सतरा वर्षांनी या स्वयंपाकघरात आला. टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. चहा घेतला, बिस्कीट नको म्हणाला. जे बोलणे झाले ते जसेच्या तसे:

“माझ्याबद्दल काही लिहिलंयस?” त्याने विचारले.

“साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो.”

“मग सही कशावर करू?”

हे शब्द त्याच्या तोंडून गेले आणि त्याचे त्यालाच ऐकू आले. फादर खिडकीबाहेर पाहू लागले.

“तू पाहशील त्यावर,” मी म्हणालो. “मी सही करतो, तू पाहा. तेवढंच.”

बराच वेळ तो टोपीची कड फिरवत राहिला. मग खुंटीला टांगलेल्या मापाच्या फळीकडे पाहून म्हणाला, “एकाहत्तर नव्हती ती.”

“काय?”

“तू शेपटी मिटली नव्हतीस. एका हाताने धरली होतीस ना, दुसऱ्यात गळ होता. शेपटी पसरलेली राहिली. मिटली असतीस तर बहात्तर भरली असती.”

कुत्रा उठला आणि परत बसला.

“फळीजवळ होतास तू?” मी विचारले.

“चार पावलांवर. तुझं लक्ष तिच्याकडे होतं.” मग म्हणाला, “मला कप हवा होता रे. एकदा तरी. तुझ्या घरात चार होते.”

म्हणजे मी सांभाळून ठेवलेली निम्मी बाजूही नव्हतीच. हे मी रागाने लिहीत नाही. मला वाटले होते, हे ऐकले की छाती हलकी होईल. झाली नाही. उलट ज्या जागी मी त्याला बसवून ठेवले होते ती रिकामी झाली, आणि तिथे आता वारा येतो.

तरी कलम ७ मी जसेच्या तसे ठेवत आहे. दोन माणसांसमोर जे म्हणता आले ते साठ माणसांसमोर म्हणता येईल. फादर म्हणाले, निदान आकडा तरी सुधार. नाही. मी मापले ते एकाहत्तर. शेपटी मी मिटली नव्हती, तर बहात्तर माझे नाही. फळीवरची खूण तिथेच राहावी.

कलम ६ मात्र मी त्याला वाचून दाखवले आणि त्याच्यासमोर खोडले. तो म्हणाला, “उपकार झाले, फिन्टन.” उपकार नाहीत. आजवर हे ओझे कोणाचे ते मला पक्के ठाऊक नव्हते. आज कळले. तेव्हा मॅलकीने माझ्या पेटीला खांदा द्यावा, पुढच्या बाजूला, डावीकडे, आणि दफनभूमीपर्यंत बदली घेऊ नये. पलीकडे त्याच्या उंचीचे आता कोणी नाही. पेटी त्याच्या बाजूला कलेल. कलू द्यावी.

वरील सर्व मजकूर माझा आहे. माझ्या आत्म्याचा न्याय देव करो. बाकीचा मी केला आहे.

डूनकिल, मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०२५.

(सही) फिन्टन गार्वी

फिन्टन गार्वी यांनी आम्हा दोघांच्या देखत सही केली व आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या देखत सही करीत आहोत:

(सही) फादर अ‍ॅम्ब्रोज क्यूसॅक, धर्मगुरू, डूनकिल

(सही) मॅलकी डर्कन, शेतकरी, डूनकिल. मजकूर वाचलेला नाही. सही करताना पाहिले.