कमरेचा ताईत

दम्माम,
९ मे १९९३

ती. बीयात्तु इत्ता हिस,
धाकट्या बहिणीचा, सफियाचा सलाम. वि. वि.

काल तुझ्या लेकीकडे गेले होते. बोलता बोलता रम्ला म्हणाली की, उम्मा बाळंतपणाला येताना पेटीभर दशमूलारिष्ट आणणार आहे आणि मटणाच्या मसाल्यासाठी भाजलेली खसखसही. मी चहा तसाच ठेवला, घरी आले आणि हे पत्र लिहायला बसले. इत्ता, यातलं काहीही आणायचं नाही.

तू म्हणशील, सफियाला लहानपणापासून सगळ्याला नाही म्हणायची खोड आहे. असू दे. कोंडोट्टीचा एक माणूस तुझ्या जावयाच्या, हारिसच्या कारखान्यात कामाला लागायला म्हणून विमानातून उतरला. आईने त्याच्या शर्टांच्या घडीत खसखशीची पुडी ठेवली होती. आपल्याकडे ती वाटणात पडते. इथे अफूचं बी म्हणून ती अमली पदार्थात जाते. तो अजून सुटलेला नाही. आईला कळवलंय की त्याला लांबच्या गावी काम मिळालं. सगळं गाव मिळून त्या बाईशी खोटं बोलतंय. माझ्याबद्दल असं पत्र कुणी भावोजींना लिहावं अशी माझी इच्छा नाही, आणि तुझ्याबद्दल तर मुळीच नाही.

आता दशमूलारिष्ट. ते मडक्यात महिनाभर आंबतं. आंबल्यावर त्यात मद्य आपोआप तयार होतं. आपण त्याला औषध म्हणतो म्हणून ते त्यातून निघून जात नाही. या देशात मद्याचा थेंब चालत नाही, आणि तपासणारा माणूस कुंजन वैद्यरांचा हातगुण विचारणार नाही.

तिसरी गोष्ट. तू येणार म्हटल्यावर तिरूरची अर्धी गल्ली आपापल्या मुलांसाठी पुडकी घेऊन दारात उभी राहील. शिवलेलं, डकवलेलं, गाठ मारलेलं एकही घ्यायचं नाही. समोर उघडायला लाव. रागावल्या तर माझं नाव सांग. माझ्यावर त्या तशाही रागावलेल्याच आहेत.

तुझा व्हिसा हारिसच्या नावावर आहे. तुला न्यायला तो स्वतः आल्याशिवाय तुला बाहेर सोडणार नाहीत, आणि तुझ्याकडे काही सापडलं तर त्यालाही आत बसवतील. दोन वर्षांपूर्वी रम्लाचं पहिलं मूल सातव्या महिन्यात गेलं तेव्हा तिच्या उशाशी मी होते. ती गुंगीत हाक मारत होती ती उम्माला, मावशीला नव्हे. आता तिला पुन्हा सातवा लागलाय. मला तू इथे हवी आहेस. बाटल्या नकोत.

भावोजींना सलाम. लोभ कमी झाला तरी चालेल, पण सांगितलेलं ऐक.
तुझी,
सफिया


तिरूर,
२४ मे १९९३

चि. सफिया हिस,
बीयात्तुचा सलाम आणि अनेक दुवा. वि. वि.

तुझं पत्र आलं. वाचताना वाटलं की उठून उभं राहावं आणि हात पुढे करावा, पट्टी बसेल. अगं, शाळेतल्या पोरांशी तरी गोड बोलतेस का गं?

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. दशमूलारिष्टापर्यंत आले आणि यांचा चेहरा पांढरा पडला. ज्या माणसाने जन्मात ताडीच्या दुकानासमोरची वाट धरली नाही, लांबून वळसा घालून मशिदीत गेला, त्याने मला विचारलं की मग मी इतकी वर्षं रोज जेवणानंतर चमचाभर काय घेत होतो? मी म्हटलं, औषध. तर म्हणाले, सफिया तसं म्हणत नाहीये. दोन दिवस जेवण झालं की रिकाम्या चमच्याकडे बघत बसायचे. तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन वैद्यरांकडे गेले.

वैद्यर भडकलेच. म्हणाले की आमच्या घराण्याच्या औषधाला दारू म्हणणारी ही पहिलीच बाई, आणि तिच्या दोन्ही बाळंतपणांत तिने हेच ढोसलंय हे तिला आठवतं का ते विचारा. मग जरा शांत झाले, मडक्याचं झाकण काढून स्वतःच वास घेतला आणि म्हणाले, हं, खोटं नाही बोलत ती. मग मला बोलावून घेतलं. बाळंतिणीला तेल कसं लावायचं, पाणी किती कढत घ्यायचं, मेथीची कांजी कधी द्यायची हे माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं, जसं काही मी चार बाळंतपणं काढलीच नाहीत. मेथी आणि गूळ तिथे बाजारात मिळतो ना, ते कळव. त्यांनी साधं खोबरेल दिलंय, त्यात एक पानसुद्धा टाकलेलं नाही. हे तरी चालेल, की तेही आंबतं?

खसखस वेगळी काढून ठेवली. मसाला नव्याने वाटला, धणे-बडीशेप-मिरी, बस्स. रम्लाला चव कळेल आणि ती नाक मुरडेल. मुरडू दे.

गल्लीचं काय सांगू! शेजारच्या खदीजुम्माने मुलासाठी हलव्याचा डबा आणला, कडेने पीठ लावून बंद केलेला. मी म्हटलं, उघड. ती म्हणाली, बीयात्तु, माझ्या लेकाच्या तोंडचा हलवा तू पोलिसासारखा तपासणार? मी म्हटलं, मी नाही, सफिया. मग ती काही बोलली ते मी लिहीत नाही. पण उघडला. नुसता हलवाच होता. मी एक तुकडा खाऊन पाहिला, तपासणीसाठी. आता सगळ्याजणी उघडी पुडकी आणतात आणि मी सगळ्यांतलं थोडंथोडं खाते.

पेटीत आता काय आहे ते सांगते. दोन लुगडी, नमाजाची ओढणी, केळ्याचे काप, तो हलवा, मसाला, तेल, बाळाची जुन्या मऊ धोतराची दुपटी. तुला आणखी काय काढायचं असेल तर विमानच काढ.

रम्लाला म्हणावं, उम्मा निघालीच आहे.
ओरडत असलीस तरी आपली आहेस, तशीच राहा.
तुझी इत्ता,
बीयात्तु


दम्माम,
८ जून १९९३

ती. इत्ता हिस,
सफियाचा सलाम. वि. वि.

मेथी मिळते, गूळ मिळतो. खोबरेल आण. वैद्यरांना सांग की मला सगळं आठवतं आणि मी त्यांची आभारी आहे. हलवा तपासायचं आता पुरे कर, नाहीतर तुझ्या लेकीआधी तुलाच कांजी द्यावी लागेल.

पण हे पत्र त्यासाठी नाही. मी चुकले. मी तुझी पेटी विचारली, तुला विचारलं नाही. परवा रम्ला पोटावर हात ठेवून बसली होती. म्हणाली की उम्मा आली की स्वतःच्या कमरेचा ताईत सोडून माझ्या कमरेला बांधणार आहे, तिच्या वल्लिउम्माने, म्हणजे आजीने, तिला बांधला होता तसा. मग माझं हे मूल राहील. आपल्या आजीचा तो चांदीचा ताईत, तेव्हाच्या धर्मगुरू तंगळांनी दुवा फुंकून दिलेला, तुझ्या साखळीत लहानपणापासून आहे. तू अंघोळीला काढत नाहीस, झोपताना काढत नाहीस. तुझ्या मते ती वस्तू नाहीच, तुझं शरीर आहे. म्हणून तू लिहिलं नाहीस. मला खात्री आहे की तू लपवलंही नव्हतंस.

तुला वाटेल, आत कुराणाच्याच ओळी आहेत, आणि तो देश तर कुराणाचाच. तिथे कोण हरकत घेईल? इत्ता, तिथेच घेतात. इथे ताईत, गंडे, फुंकलेला दोरा हे सगळं जादूटोण्यात धरतात, आणि जादूटोणा हा इथे चोरीपेक्षा मोठा गुन्हा आहे. आपल्या तंगळांबद्दल आपल्या मनात काय आहे ते त्यांना कळणार नाही, आणि त्यांच्या मनात काय आहे ते समजावून घ्यायला तुझ्याकडे तेव्हा वेळ नसेल. बायकांना वेगळ्या खोलीत नेऊन बाईच तपासते. ती कमरेलाही हात लावते.

बरोबर काय आणि चूक काय याचा वाद आपण तुझ्या ओसरीवर बसून घालू, सुपारी कातरत, हवा तितका. पण दुसऱ्याच्या दारात पाऊल ठेवताना त्याचा उंबरठा किती उंच आहे ते आधी बघायचं असतं. माझाही ताईत होता. मी इथे यायच्या आधी तो काढून कपाटात ठेवला. बाळंतपणांना गावी आले तेव्हाही तो पुन्हा बांधला नाही. तरी मला दोन मुलगे झाले, आणि ते किती जेवतात ते तू पाहिलंयस.

रम्लाला मी हे सांगितलं तेव्हा ती रडली. म्हणाली, मग उम्मा रिकाम्या हाताने येणार? मी शाळेत वीस वर्षं उत्तरं देतेय, पण या प्रश्नाचं उत्तर उम्मानेच द्यायचं. ते तू शोध.

एक पत्र टपालाने टाकतेय आणि हेच पुन्हा लिहून गावी येणाऱ्या उस्मानच्या हाती देतेय. कोणतं तरी एक तू निघायच्या आधी मिळायलाच हवं. मिळालं की ताईत काढ. टाळाटाळ नको.

काळजीत आहे, म्हणून कडक आहे. उलटं समजू नकोस.
तुझी,
सफिया


तिरूर,
२६ जून १९९३

चि. सफिया हिस,
सलाम व दुवा. वि. वि.

उद्या निघायचं. हे पत्र माझ्यामागून पोचेल आणि तुझ्याशेजारी बसून मीच ते तुला वाचून दाखवेन. तरी लिहिते. तोंडाने सांगायला गेले तर तू मध्येच चुका काढशील.

टपाल अजून आलेलं नाही. उस्मान आला तो काल, मी पेटीला दोरी बांधत असताना. वाचलं आणि पहिल्यांदा तुझा राग आला, असा आला की तू समोर असतीस तर केस ओढले असते. नंतर हात कमरेला गेला. खरंच गं, मी विसरले नव्हते, पण मला तो आठवलाही नव्हता. माणूस स्वतःचं नाक आठवतो का?

साखळीत ताईत ओवलेली कडी झिजून गच्च बसलेली. सोनाराला घरी बोलवावं लागलं. तो बाहेर बसला, मी दाराआडून साखळी पुढे केली आणि त्याने कातरीने कडी तोडली. ताईत पदरात पडला. मी तिथेच खाली बसून रडले. हे आले आणि शेजारी बसले. म्हणाले की तंगळांकडे जाऊन विचारून येतो. गेले. तंगळांनी सांगितलं म्हणे की दुवा चांदीत अडकून राहत नाही, बाई जिथे जाईल तिथे तिच्या जिभेवर जाते. आणि ज्या घरी पाहुणी म्हणून जायचं त्या घरची रीत मोडून पुण्य मिळत नाही.

ते बरोबरच असेल. पण रम्लाच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं. ती मोठी झाली तरी माझी लेक आहे; तिला हाताने धरता येईल असं काहीतरी हवं. मग मला सुचलं. माळ्यावरचा पाळणा मी खाली काढला, ज्यात तू झोपलीस आणि रम्ला झोपली. यांनी दोऱ्या बदलल्या. आम्ही तो मधल्या खोलीत टांगला आणि ताईत त्याच्या आडव्या दांडीला बांधला. रम्लाला म्हणावं, ताईत बाळाकडे येणार नाही, बाळच ताइताकडे येईल. पाळणा टांगलेला आहे. रिकामा पाळणा हलवू नये म्हणतात, म्हणून हे त्याच्याकडे नुसते बघतात, पूर्वी चमच्याकडे बघत तसे.

साखळी कमरेला तशीच ठेवलीय, नुसती. सारखा हात जातो.

माझ्यावर रागावू नकोस. मीही आता नाही.
तुझी इत्ता,
बीयात्तु


दम्माम,
१९ ऑगस्ट १९९३

ती. मोयदीन भावोजींस,
सफियाचा आदरपूर्वक सलाम. वि. वि.

तार मिळालीच असेल. तारेत मावत नाही ते लिहायला इत्ताने मला बसवलंय. स्वतः लिहायला तिच्या हाताला तेल आहे, आणि हल्ली ते सदाच असतं.

आधी विमानतळाचं. ती उतरली त्या दिवशी हारिस आणि मी बाहेर उभे होतो. सगळे आले, ती येईना. हारिस घामाने भिजला. बऱ्याच वेळाने ती हसत बाहेर आली. तिने सांगितलं ते असं: तपासणाऱ्या बाईने हलवा टोचून पाहिला, मसाला हुंगून शिंकली, तेलाची बाटली उघडून संशयाने बघू लागली. इत्ताला नमाजापुरतीच अरबी येते. तिने पोटावर हात फिरवून मोठं पोट दाखवलं, मग हातावर झोळी करून बाळ दाखवलं, मग थोडं तेल घेऊन त्या बाईच्याच मनगटाला चोळायला लागली. त्या बाईचं मनगट म्हणे दुखतच होतं. कसं कळलं ते अल्लाला ठाऊक. शेवटी तिने इत्ताची कंबर चाचपली. साखळी हाताला लागली, बोटं तिच्यावरून पूर्ण फिरली, जिथे ताईत असायचा त्या जागी थांबली आणि पुढे गेली. इत्ता म्हणते, तेवढ्या वेळात तिने सगळ्या दुवा म्हणून घेतल्या, आणि एक माझ्या नावाने. मी ती स्वीकारलीय.

टपालाने टाकलेलं माझं पत्र तुम्हाला तिच्यामागून मिळालं असेल. उस्मानला माझ्याकडून एकदा जेवू घाला.

कोंडोट्टीचा तो माणूस अजून आत आहे, पण त्याच्या कारखान्याने वकील दिलाय. त्याच्या आईला आता खरं कळवलंय. मीच कळवलं. गावाहून नव्याने येणाऱ्या कुटुंबांना आता मी दर शुक्रवारी घरी बसवून काय आणायचं नाही ते सांगते. पेटीबद्दल बोलून झालं की कमरेबद्दलही विचारते. बायका लाजतात, पण सांगतात.

रम्लाला दिवस भरेपर्यंत भीती होती. पाळण्याची गोष्ट इत्ताने तिला आल्या आल्या सांगितली, आणि त्यानंतर ती रोज विचारायची की दांडीला नीट बांधलाय ना, उप्पांना गाठ मारता येते ना. नीट बांधलाय हे तुम्ही स्वतः तिला कळवा. इस्पितळात आत फक्त एका बाईला जाता येतं म्हणाले. बाळ होईपर्यंत मी बाहेर थांबले. आतून हाक आली ती उम्मालाच आली, आणि या वेळी आतून ओ देणारं कुणी होतं.

इत्ता आणखी महिनाभर राहील. मग तिघी एकत्र येतील. हारिसने रजा मागितलीय. पाळणा तोवर हलवू नका, पण दोऱ्या ओढून बघून ठेवा. मुलगी वजनदार आहे.

तुमचा लोभ माझ्यावर नव्हता असं मला कधी वाटलं नाही. चमच्याच्या बाबतीत झालेल्या त्रासाबद्दल माफी असावी.
आपली,
सफिया

ता. क. तुम्हाला नोंदी लागतात, म्हणून:
काल दुपारी दम्मामच्या इस्पितळात एक मुलगी, पुरे दिवस, काळेभोर केस, आवाज खणखणीत, तिरूरच्या जुन्या धोतराच्या दुपट्यात गुंडाळलेली, कमरेला काहीही नाही. रम्लाने दिली, बीयात्तुने दोन्ही हातांनी घेतली. माझ्यासमोर.