बाण नसलेलं चित्र

१२ फेब्रु. २००२, मंगळ.
पिंपळगावच्या पॅकहाउसात ट्रेनर आले. द्राक्षं परदेशी जाणार म्हणून नवे नियम, आम्हा सुपरवायझरांना शिकवायला. बोलणं भराभर, निम्मं इंग्रजी. लिहून पुरं होईना. मग चित्रंच काढत गेले. अंगठीवर फुली. देठाला धरलेला घड. माणूस म्हणजे नुसता गोल आणि दोन हात. सुबक काढत बसलं की पुढचं ऐकायचं राहतं. मॅनेजर मागून म्हणाले, चित्रकलेचा तास आहे का. सगळे हसले. वही झाकली नाही.

१३, बुध.
माझ्या टेबलावरच्या निम्म्या बायकांना वाचता येत नाही. वहीतलं पान मोठ्या कागदावर उतरवून भिंतीला लावलं. हिराबाई पेठ तालुक्याकडच्या, सगळ्यांत जुन्या. त्यांनी बोट फिरवत एकेक चित्र बाकीच्यांना समजावलं. घरी जाताना नाशिकपर्यंत एस.टी.त उभी, तरी बरं वाटत होतं.

१५, शुक्र.
पहिलं परदेशी पॅकिंग. दुपारी कळलं, सगळ्या खोक्यांत औषधाचा कागद घडांच्या खाली. तो वर हवा, नाहीतर बुरशी. सगळी खोकी उघडून पुन्हा भरली. मॅनेजर हिराबाईंना सगळ्यांसमोर बोलले, सोमवारपासून येऊ नका म्हणाले.
नंतर मी भिंतीपाशी गेले. ट्रेनर आधी घडांचं बोलले, ते मी उजवीकडे काढलेले. मग औषधाचा कागद, तो उरलेल्या जागेत, डावीकडे. आकडा नाही, बाण नाही. डावीकडून बघणाऱ्याला आधी कागद, मग घड, म्हणजे कागद खाली.
हिराबाई एवढंच म्हणाल्या, "ताई, जसं काढलंय तसंच केलं."
मॅनेजरांकडे गेले नाही. नोकरी कायम झाल्याचं माझं पत्र याच महिन्यात निघायचंय. घरी जेवण गेलं नाही.

१६, शनि.
गेले. वही मॅनेजरांपुढे ठेवली. चूक माझ्या चित्राची, हिराबाईंची नाही, म्हटलं. ते बराच वेळ पान बघत राहिले.
"मग तुमचं पत्र थांबवू?"
म्हटलं, थांबवा, पण त्यांना काढू नका. मालकांशी बोलतो म्हणाले. वही ठेवून घेतली.
हिराबाईंना सांगितलं. रागावतील वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "भिंतीवरचं काढून टाकू नका. आकडे टाका फक्त. आकडे कळत्यात आम्हाला."

१७, रवि.
नवा कागद केला. आधी आकडा, मग चित्र. आईला दाखवून विचारलं, काय कळलं? तिने बरोबर सांगितलं.
उद्या मला आणि हिराबाईंना, दोघींनाही मॅनेजरांनी गेटवर बोलावलंय. आत कोण जाणार ते मालक तिथेच सांगणार.