विहाराच्या भिंतीवरचं वाक्य

पिंप्राळा, गुरुवार संध्याकाळ

आज बौद्ध अभ्यासाच्या वर्गात तोंडघशी पडलो. दहा वर्षं माझं प्रत्येक भाषण बुद्धाच्या ज्या वाक्याने संपतं, तेच निबंधात लिहिलं होतं. पाली भाषा शिकवणाऱ्या मॅडमनी शांतपणे विचारलं, "भाऊ, हे कोणत्या सुत्तात आहे?" नंतर ग्रंथालयात चार तास शोधलं. कुठेच नाही. कुठल्यातरी कॅलेंडरवर वाचलं असणार. आणि मी गावोगाव सांगत फिरतो, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका!

निबंधाचं सोडा. सोनगीरच्या विहाराच्या भिंतीवर ते वाक्य माझं भाषण ऐकून रंगवलंय. खाली बुद्धाचं नाव. गप्प बसावं? कोण तपासायला जातंय? पण मग हा अभ्यास कशासाठी?

शेवटी तिथल्या आबांना फोन करून खरं सांगितलं. वाटलं, चिडतील.

"वाक्य चांगलं शे, ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. "नाव पुसी टाकूत. मंग तठे कोन्हं लिखूत, भाऊ? तुन्हं?" आणि खो खो हसले.

बुद्धाच्या नावाच्या जागी माझं नाव! मीही हसलो.

रविवारी तिथेच भाषण आहे. आधी ब्रश हातात घेईन, मग माईक.