चौसष्टने सुरू होणारा नंबर

१६ जाने., गुरु.
निखिलचा व्हिडिओ कॉल. डिसेंबरभर तिथे न्यूझीलंडात सुट्ट्याच होत्या, या आठवड्यात कचेऱ्या उघडल्या. म्हणाला, आता पाहू. ऑक्टोबरपासून हेच पाहणं चाललंय. बांधकामं थांबली, पुलांची कामं पुढे ढकलली, याच्या कंपनीने वेल्डिंग करणारे ठेवले आणि वेल्डिंग तपासणारे काढले, त्यात हाही. सध्या एका बेकरीत ट्रे धुतो. व्हिसा ३० एप्रिलपर्यंत. तोवर आपल्या लाइनीतलं काम मिळालं तर राहणार आणि इथे माझ्याकडे असलेल्या लेकीला, प्रणालीला, आणि नातीला, मितूला बोलावून घेणार. नाहीतर परत.
मी म्हटलं, परत ये, इथे उरल्याच्या कारखान्यात अजून तुझं नाव काढतात. प्र.ने फोन माझ्या हातातून काढून घेतला.
जावयाला अरेतुरे करू नये म्हणतात. पण हा आधी पाच वर्षं माझ्या हाताखाली होता, जावई नंतर झाला. गडबडीत अजूनही "साहेब" म्हणतो.

२७ जाने., सोम.
सकाळी तळ्यावर फिरायला गेलो तर बाकावर एकच विषय. रोज फिरायला येणाऱ्या साहूजींच्या व्याह्यांना परदेशी नंबरवरून फोन आला. त्यांचं पूर्ण नाव, मुलाचं पूर्ण नाव, सगळं बरोबर. तुमचा मुलगा पोलिसांच्या ताब्यात आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. सगळा बनाव, पण दोन दिवस बिचारा माणूस खुर्चीत. जेवणही तिथेच, बाथरूमला जायचं तर विचारून. रिटायर्ड हेडमास्तर हो! आयुष्यभर ज्याने पोरांना उठबशा काढायला लावल्या त्याला कोणीतरी बसवून ठेवलं. साहूजी सगळ्यांना बजावत होते, "विदेशी नंबर दिखे तो उठाना ही नहीं भैया, हव?" सगळे रायपुरी हव म्हणाले, म्हणजे हो. मीही.
दुपारी नि.चा फोन. एका पूल बांधणाऱ्या कंपनीत दोन मुलाखती झाल्या. आधीचा साहेब म्हणून माझं नाव, नंबर दिलाय, विचारायला फोन करतील. म्हटलं बरं. मितूने आज अख्खं संत्रं स्वतः सोललं, एक फोड मला दिली.

४ फेब्रु., मंगळ.
सकाळी सात-सव्वासात, तळ्यावर. +६४ ने सुरू होणारा नंबर. कापला. पाच मिनिटांनी पुन्हा. पुन्हा कापला. साहूजींना दाखवला, ते म्हणाले आता तुमची पाळी.

७ फेब्रु., शुक्र.
तोच चौसष्टवाला. आज म्हटलं उचलून तरी बघू, आपण काय हेडमास्तरांसारखे भोळे आहोत?
बाई होती. गोड आवाज. माझं पूर्ण नाव घेतलं, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाली, निखिल रामटेके यांच्याबद्दल बोलायचं आहे. हेडमास्तरांनाही असंच झालं होतं. अगदी असंच! पण घाबरलो नाही. कारखान्यातलं इंग्रजी बाहेर काढलं. "मॅडम, आय नो युवर बिझनेस. पोलीस इज सिटिंग निअर मी." ती काहीतरी सांगत होती, मी ऐकून घेतलं नाही. ठेवला आणि नंबर ब्लॉक केला.
बाकावर सगळे खूश. साहूजींनी चहा पाजला. ते वाक्य मला तीन वेळा म्हणायला लावलं, मीही म्हटलं.
घरी येऊन नि.ला मेसेज टाकला, बरा आहेस ना. "हो बाबा, काहून?" म्हटलं सहज. प्र.ला काही सांगितलं नाही, उगाच घाबरायची.

१५ फेब्रु., शनि.
पुलाच्या कंपनीने दुसऱ्याला घेतलं.
वर्कशॉप दाखवून झालं होतं. हेल्मेटचा साइजसुद्धा विचारला होता. तिथल्या जुन्या साहेबाने चांगलं सांगितलं, पण तिथला अनुभव आठ महिन्यांचा. त्याआधीची पाच वर्षं माझ्याकडची, आणि माझ्याशी त्यांचं बोलणं होऊ शकलं नाही. मेलमध्ये तसं लिहिलंय.
नि.ने विचारलं, "बाबा, तुमाले फोन आला होता का त्यायचा?"
प्र. माझ्याकडे बघत होती. मितू मांडीवर.
"नाई रे," म्हणालो.
विचार करायला वेळही लागला नाही मला. तोंडातून निघूनच गेलं. मग प्र. म्हणाली नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल, आणि मी मान हलवली.

१६ फेब्रु., रवि.
वही मागे उलटली. २७ जाने. माझंच अक्षर. "विचारायला फोन करतील. म्हटलं बरं." त्याच पानावर हेडमास्तरांचं पुराण अर्धं पान आणि याची एक ओळ.
चाळीस वर्षं लोकांच्या कामातल्या भेगा शोधल्या. जोडावर लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरी पावडर मारायची, भेग असेल तर लाल रेघ वर येते. इथे तर पावडरही मारावी लागली नाही.
सकाळी विहारात वंदना होती. पंचशील म्हणताना चौथ्याला, खोटं न बोलण्याच्या त्या ओळीला, मी तोंडावर रुमाल धरला. शेजारच्याने पाणी दिलं. त्याला वाटलं खोकला.

१९ फेब्रु., बुध.
नंबर ब्लॉकमधून काढला आणि गच्चीवर जाऊन लावला. तीच बाई. ओळख दिली, माफी मागितली, म्हटलं गैरसमज झाला, आमच्याकडे असे चोर फार फोन करतात. ती हसली, रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, जागा भरली, आणि आता वर्षभर नवी निघेल असं वाटत नाही, आम्हीच माणसं कमी करत आहोत. नि. चांगला वाटला होता आम्हाला, असंही म्हणाली.
मग मी उगाचच सांगायला लागलो. मॅडम, एकदा आमच्याकडून क्रेनचा गर्डर, तिची आडवी पोलादी तुळई, निघायचा होता. ट्रक दारात उभा, मालक डोक्यावर. नि.ला एका जोडात केसाएवढी भेग दिसली. मीच त्याला म्हटलं, जाऊ दे. तर म्हणाला, "साहेब, मी सही नाही करत." जोड कापून पुन्हा केला, ट्रक दुसऱ्या दिवशी गेला. मालक माझ्यावर तापला, मी नि.वर. पण त्याच महिन्यात मी घरी प्र.साठी त्याचं नाव काढलं.
हे शेवटचं तिला सांगितलं नाही. तिने ऐकून घेतलं, थँक यू म्हणाली. सात तारखेला हेच ऐकायला तिने फोन केला होता.

२ मार्च, रवि.
नि. आठ दिवसांनी बोलला. दाढी वाढलीय. बेकरीतही आता आठवड्यातून तीनच दिवस बोलावतात. त्याच्या खोलीवरचे दोघे परतले, एक इलेक्ट्रिकल इंजिनियर, एक नर्स. म्हणाला, आपल्याच कामात खोट असेल, इतक्या ठिकाणी नाही म्हणतात ते काय उगाच?
प्र. आत गेल्यावर हळू आवाजात म्हणाला, "साहेब, मले एक खरं सांगा. मी इन्स्पेक्टर म्हणून ठीक होतो ना? का तुम्ही सांभाळून घेत होते?"
तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. म्हणालो, "तुझ्यासारखा दुसरा नव्हता बाबू." खरंच आहे ते. पण खऱ्याच्या आड खोटं लपवलं आणि वर त्याच्याकडून "थँक्यू साहेब" ऐकून घेतलं.

१० मार्च, सोम.
प्र. सदर बाजारातून येताना मितूच्या शाळेचा फॉर्म घेऊन आली. इथल्या शाळेचा. म्हणाली, लक्षण काही दिसून नाही राहिलं, सीट तरी हातची जायला नको.
मला आनंद झाला. हे लिहिलं पाहिजे, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. माझी बायको सुनंदा गेल्यापासून चार वर्षं मी एकटा डबा खात होतो. या दोघी आल्यापासून घरात कुकर वाजतो, भिंतीवर खडूच्या रेघा आहेत. नि.ला काम लागलं असतं तर दोघी मेमध्ये गेल्या असत्या.
मग मी खरंच घाबरून कापला का तो फोन? तिने नि.चं नाव घेतलं होतं. स्पष्ट घेतलं होतं. एक मिनिट ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं? सारखं स्वतःला विचारतोय. घाबरलो होतो, एवढं नक्की. कशाला, ते नक्की नाही.

१८ मार्च, मंगळ.
प्र.ला सांगितलं. ती मेथी निवडत होती. फोन, ते इंग्रजी वाक्य, साहूजींचा चहा, "नाई रे", सगळं.
मला वाटलं चिडेल, रडेल. जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "फोनचं सोडा बाबा. तुम्ही तं त्यायले सोडायले विमानतळावर बी नव्हते आले."
गुडघा दुखतो म्हणून गेलो नव्हतो. त्याच संध्याकाळी तळ्याला दोन फेऱ्या मारल्या होत्या. तिला माहीत होतं. वर्षभर माहीत होतं आणि बोलली नव्हती. नि. जाऊ नये असं मला वाटत होतं, उरल्यात माझ्यानंतर त्याच्यासाठी ठेवलेली माझी खुर्ची तो सोडून चालला होता, त्याचा राग होता. गुडघ्याला काही झालं नव्हतं.
म्हटलं, आता काय करू? म्हणाली, "तुमचं तुम्ही सांगा त्यायले. मी नाही सांगणार."

२३ मार्च, रवि.
सांगितलं. प्र. मितूला घेऊन मुद्दाम शेजारी गेली होती.
तो ऐकत होता. मागे खिडकी, खिडकीत कोणाचे तरी कपडे वाळत होते. माझं झाल्यावर विचारलं, "तिनं माझं नाव घेतलं होतं?"
"हो."
"मंग?"
मी मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. मग तो म्हणाला, ठीक आहे, बेकरीची वेळ झाली. रविवारी त्याला बेकरी नसते.

३१ मार्च, सोम.
नि.चे फोन प्र.च्या मोबाइलवर येतात. मी खोलीत गेलो की ती "बाबा आले" म्हणते आणि पलीकडून विषय बदलतो. भांडण नाही, शिवी नाही. भांडला असता तर मीही काही बोललो असतो.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. मितूला पांढरा फ्रॉक, मिरवणुकीत माझ्या खांद्यावर. प्र.ने नि.ला व्हिडिओवर सगळं दाखवलं, बँड, निळे झेंडे, विहाराची रोषणाई. कॅमेरा फिरता फिरता माझ्यावर आला. मी हात जोडून जय भीम केला. त्यानेही केला. मग कॅमेरा पुढे गेला.
घरी येताना मितूने कानात विचारलं, "नाना, पापा से आपकी कट्टी है?"
"नाही बेटा."
"तो बात क्यों नहीं करते?"
ही माझ्याशी कधी मराठीत बोलत नाही, आणि तिच्या एकाही प्रश्नाचं उत्तर मला मराठीतही येत नाही.
प्र. म्हणाली, २८ तारखेचं तिकीट बघून ठेवलंय त्याने. शेवटचा एक अर्ज बाकी आहे, दक्षिणेकडच्या एका गावात, दुधाच्या कारखान्यातल्या पाइपांचे जोड तपासायचे. शुक्रवारी मुलाखत झाली. आधीचा साहेब म्हणून कोणाचं नाव दिलंय ते मी विचारलं नाही. उरल्यात माझ्यानंतर आलेला साहेब आहे, त्याचं देता येईल. मी असतो तर त्याचंच दिलं असतं.

२१ एप्रिल, सोम.
दुपारी मोबाइलवर मेसेज. नि.चा. महिन्याने. एकच ओळ.
"साहेब, उद्या सकाळी फोन चालू ठेवा."
बाबा नाही, साहेब लिहिलंय. राग म्हणून लिहिलं की काम म्हणून, ते कळत नाही. प्र.ला दाखवला. तिने वाचला, पुन्हा वाचला, माझ्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि भात लावायला गेली.

२२ एप्रिल, मंगळ.
तळ्यावर गेलो नाही. साहूजींचा फोन आला, काय झालं भैया, तब्येत? म्हटलं फोनची वाट बघतोय, लाइन सोडा. त्यांना सगळं सांगितलेलं आहे आता, फेब्रुवारीतल्या त्या चहासकट.
पाच वाजल्यापासून ओसरीवर. फोन चार्जरला, आवाज पूर्ण. सहाला एक अनोळखी नंबर, झडप घालून उचलला, तर लोन पाहिजे का. सातला आणखी एक, नवा रायपुरात प्लॉट आहे म्हणे. दोघांशीही नीट बोललो.
दुधाच्या कारखान्याचा फोन आला तर काय सांगायचं ते कागदावर लिहून ठेवलंय. गर्डरची गोष्ट आहे. "मी सही नाही करत" हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते प्र.ने लिहून दिलं. खाली तिनेच लिहिलंय, बाबा, सावकाश बोला, आणि त्यांचं पूर्ण ऐकून घ्या.
काम मिळालं तर दोघी जातील. मितूच्या शाळेची सीट जाईल, भिंतीवरच्या रेघा राहतील. नाही मिळालं तर सोमवारी तो तिथून निघेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी या वेळी विमानतळावर मी जाणार आहे, हे प्र.ला सकाळी सांगून टाकलं. ती म्हणाली, "आधी फोन तं येऊ द्या."
तिकडची कचेरी आपल्या साडेदहाला बंद होते. आता सव्वानऊ. अजून सव्वा तास आहे.